गोंदिया जिल्ह्यातील अभिलेखांचे संगणकीकरण व त्याचा शासकीय खर्च

गोंदिया जिल्ह्यातील अभिलेखांचे संगणकीकरण म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील या जिल्ह्यात जमिनीचे व इतर सार्वजनिक अभिलेख कागदावरून संगणकावर आणण्याची आणि त्यांच्या प्रती नागरिकांना इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याची प्रक्रिया होय. हे काम राज्यव्यापी योजनांचा भाग म्हणून झाले असून त्यासाठीचा निधी, प्रणाली आणि शुल्काचे दर जिल्ह्याबाहेर ठरतात. प्रत्यक्ष काम मात्र तहसील कार्यालय, भूमी अभिलेख कार्यालय आणि तलाठी सजा या पातळ्यांवर होते. संगणकावरून काढलेली एक प्रत शासनाला जवळजवळ फुकट पडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो प्रतीपुरता बराचसा खरा असला, तरी ज्या अभिलेखावरून ती प्रत निघते तो अभिलेख तयार करणे, दुरुस्त करणे आणि सांभाळणे यांचा खर्च मोठा आहे. हा खर्च कोणी सोसावा, शासनाने, प्रत मागणाऱ्याने की सर्व करदात्यांनी, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. धान हे मुख्य पीक असून मालगुजारी तलावांवर आधारलेली सिंचनाची जुनी पद्धत येथे अजून टिकून आहे.

जिल्ह्याच्या अभिलेखांचा इतिहास पश्चिम महाराष्ट्राहून वेगळा आहे. हा भाग ब्रिटिश काळात मध्य प्रांतात होता आणि येथे मालगुजारी पद्धत चालत असे. १९५० च्या मध्य प्रदेशातील मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली. त्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेले ‘अधिकार अभिलेख’ हे आजही वारसा, जमिनीची मालकी आणि जातीचा दावा सिद्ध करण्यासाठी शोधले जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. या संहितेत निस्तार पत्रक (कलम १६१) आणि वाजिब-उल-अर्ज (कलम १६५) या विदर्भातील जुन्या नोंदींना स्थान देण्यात आले. सरपण, चराई, गावरस्ते, मासेमारी अशा गावाच्या सामायिक हक्कांची नोंद त्यांत असते. त्यामुळे ‘सातबारा ऑनलाइन झाला’ एवढ्याने गोंदियासारख्या जिल्ह्यातील अभिलेखांचे संगणकीकरण पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

जुन्या अभिलेखांत हिंदी-उर्दू वळणाचे महसुली शब्द आढळतात. तलाठ्याला आजही अनेक गावांत ‘पटवारी’ म्हणतात. २०२४ मध्ये या पदाचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे बदलण्यात आले.

संगणकीकरणाचा निधी

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा हा एकच जिल्हा होता. योजनेचा संपूर्ण खर्च केंद्राने उचलला. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) हे एकत्र छापले जात असल्याने ‘सातबारा’ हे नाव रूढ झाले आहे. हाच उतारा संगणकीकरणाचा पहिला विषय ठरला.

२१ ऑगस्ट २००८ रोजी केंद्राने राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमास मंजुरी दिली. त्याची निधीरचना लक्षात घेण्यासारखी होती. अधिकार अभिलेखांची संगणकावर नोंद आणि नकाशांचे अंकीकरण यांसाठी केंद्र १०० टक्के निधी देत असे. सर्वेक्षण व फेरसर्वेक्षण आणि तहसील पातळीवरील आधुनिक अभिलेख कक्ष यांसाठी तो निम्मा होता, तर नोंदणी कार्यालयांच्या संगणकीकरणासाठी बहुतेक राज्यांना २५ टक्केच मिळत. परिणामी ज्या कामाला पूर्ण निधी होता ते आधी झाले, आणि ज्यात राज्याला आपला हिस्सा घालावा लागे ते मागे राहिले. १ एप्रिल २०१६ पासून हा कार्यक्रम ‘डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम’ या नावाने संपूर्णपणे केंद्राच्या निधीवर चालू आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी संपूर्ण देशाकरिता त्याचा नियतव्यय ८७५ कोटी रुपये ठरविण्यात आला.

या निधीत एक उणीव आहे. योजना उभारणीचा खर्च देते, पण चालविण्याचा खर्च बहुतांशी राज्याच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून भागवावा लागतो. संगणक काही वर्षांत जुना होतो, छपाईयंत्राची शाई संपते, यूपीएसची बॅटरी निकामी होते, डिजिटल स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राची मुदत संपते. तिरोड्यात ३,३०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प उभा असला, तरी सजा कार्यालयातील संगणकाला बॅटरीचा आधार लागतोच. कागदी दप्तराला असा आवर्ती खर्च नव्हता. त्याला लागे ते कपाट, रुमाल, वाळवीचा बंदोबस्त आणि अक्षर चांगले असलेला माणूस.

चुकांची दुरुस्ती

संगणकीकरणाच्या खर्चातील सर्वांत कमी मोजला गेलेला भाग म्हणजे चुका सुधारण्याचा. हस्तलिखित सातबाऱ्यावरून माहिती भरताना नावातील अक्षरे बदलली, क्षेत्राचे आकडे चुकले, सामायिक खातेदार गळले आणि जुन्या बोज्यांच्या नोंदी राहून गेल्या. कागदावर एका ओळीची चूक एका पानापुरती राहते, परंतु संगणकात खाते आणि गट क्रमांक एकमेकांशी जोडलेले असल्याने एक चूक गाव नमुना आठ-अ मध्येही उतरते आणि पुढील फेरफार अडवते.

राज्यात ई-फेरफार प्रणाली राबविताना ही अडचण मोठ्या प्रमाणावर समोर आली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने विकसित केलेल्या या प्रणालीत फेरफाराची नोंद थेट संगणकावर घेतली जाते, हितसंबंधितांना नोटीस काढली जाते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत दिल्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे सुरळीत चालण्यासाठी संगणकातील सातबारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळणे आवश्यक होते. त्यासाठी ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सुविधा देण्यात आल्या. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली, तीत संगणकीकृत सातबारा गावकऱ्यांसमोर वाचून चुका नोंदविण्यात आल्या. उरलेल्या लेखनप्रमादांसाठी महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचे आदेश घ्यावे लागतात.

या दुरुस्तीचा खर्च कोणत्याही योजनेच्या हिशेबात स्वतंत्रपणे दिसत नाही, कारण तो मुख्यतः तलाठी व मंडळ अधिकाऱ्यांच्या वेळेच्या रूपाने झाला. त्याच काळात त्यांच्याकडे पंचनामे, निवडणूक आणि वसुलीची कामे होतीच. तलाठी संघटनांनी लॅपटॉप, छपाईयंत्रे आणि इंटरनेट जोडणी यांच्या मागण्या वारंवार मांडल्या, त्या याच संदर्भात. अधिकार अभिलेखातील नोंद खोटी ठरेपर्यंत ती खरी मानावी, असे संहितेचे कलम १५७ सांगते. म्हणून संगणकातील चूक ही केवळ टंकलेखनाची चूक राहत नाही, तिला कायद्याचे पाठबळ मिळते आणि ती काढून टाकण्याचा भार ज्याचे नाव गळले त्याच्यावर येतो.

एका प्रतीचा खर्च

इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला स्थिर खर्च असतो. त्यात माहिती भरणे, तपासणे, सर्व्हर, जोडणी, सुरक्षा, प्रणालीची देखभाल आणि मनुष्यबळ येते. दुसरा सीमान्त खर्च, म्हणजे आणखी एक प्रत दिल्याने होणारी वाढ. कागदी नकलेत सीमान्त खर्च बराच असे, कारण प्रत्येक वेळी दप्तर काढून हाताने उतारा लिहावा लागे. संगणकीय नकलेत तो काही पैशांवर येतो, तर स्थिर खर्च अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे ‘एका प्रतीला शासनाला किती खर्च येतो’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. सीमान्त खर्च विचारात घेतला तर प्रत विनामूल्य असावी. एकूण खर्च वापरकर्त्यांत विभागला तर दर प्रतींच्या संख्येवर अवलंबून राहतो, आणि प्रती कमी निघणाऱ्या अभिलेखाचा दर न परवडणारा होतो. सातबारा लाखोंनी निघतो, उलट एखाद्या गावाचे निस्तार पत्रक वर्षानुवर्षे कोणी मागत नाही.

मागणाराला दाखविता न येणारा मजकूर वगळण्याचे कामही खर्चाचेच असते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार उघड करता येणारा भाग वेगळा काढून देता येतो. कागदावर त्यासाठी काळी पट्टी पुरते, परंतु हजारो नोंदींच्या तक्त्यातून वैयक्तिक तपशील काढून टाकणे हे जाणकाराचे काम आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून या कामाचे महत्त्व वाढले आहे.

नागरिकांकडून घेतले जाणारे शुल्क

महाराष्ट्रात सातबारा संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. गोंदियाचे अभिलेख नागपूर विभागात मोडतात. या प्रतीवर स्वाक्षरी नसते आणि ती केवळ माहितीसाठी असते, शासकीय कामासाठी चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून देण्यास प्रारंभ झाला. त्यासाठी प्रति उतारा १५ रुपये शुल्क आकारले जाते.

रक्कम लहान वाटते, पण गोंदियातील धान उत्पादकाच्या बाबतीत तिचा हिशेब वेगळा होतो. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर नोंदणी करताना चालू हंगामाचा सातबारा द्यावा लागतो. वाटण्यांमुळे एकाच कुटुंबाची जमीन अनेक गटांत विखुरलेली असते. चार गटांचे चार उतारे आणि एक आठ-अ मिळून ७५ रुपये होतात, त्यात सेवा केंद्राचा आकार व तालुक्याला जाण्या-येण्याचे भाडे वेगळेच. हंगामाच्या तोंडावर प्रणालीवरील भार वाढला की रोजगाराचा दिवसही बुडतो. शुल्क ठरविताना शासनाच्या खात्यात जमा होणारी रक्कम तेवढी मोजली जाते, नागरिकाच्या बाजूचा हा खर्च कोठेच नोंदला जात नाही.

सेवा केंद्राच्या आकाराला कायद्याचा आधार आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६-अ हे शासनाच्या वतीने सेवा देणाऱ्याला सेवा शुल्क घेऊन ते स्वतःकडे ठेवण्याची मुभा देते. ग्रामपंचायत पातळीवर २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पाखाली संगणक चालकांची व्यवस्था झाली आणि पुढे तिची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. केंद्रचालकाचे उत्पन्न बहुतांशी अशा शुल्कावर अवलंबून असते. दाट वस्तीच्या गोंदिया शहरात ते पुरेसे ठरू शकते. सालेकसा वा देवरीच्या जंगलपट्ट्यात, जिथे गावे लहान आणि व्यवहार कमी, तिथे तोच दर केंद्र चालवायला पुरत नाही. समान दराने सर्वत्र समान सेवा मिळत नाही, याचे हे साधे कारण आहे.

त्याच अधिनियमाचे कलम ९ कमी परिचित आहे. कोणत्याही शासकीय कार्यालयाने दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच स्वीकारावा किंवा द्यावा असा आग्रह धरण्याचा हक्क हा कायदा नागरिकाला देत नाही, असे ते कलम सांगते. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यावर पुन्हा शिक्का मागण्याची प्रथा कार्यालयांतून रेंगाळली, त्याला सवयीबरोबर अशी मोकळीकही कारणीभूत आहे.

माहितीच्या अधिकारातील तरतुदी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांबाबत दोन टोकांना जाणाऱ्या तरतुदी केल्या आहेत. कलम २(ञ) नुसार माहिती संगणकात साठविलेली असल्यास ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून मिळविण्याचा अधिकार नागरिकाला आहे. कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अभिलेखांची सूची करून ते ‘वाजवी मुदतीत आणि साधनसामग्रीच्या उपलब्धतेनुसार’ संगणकीकृत करावयाचे आहेत, तसेच स्वतःहून प्रसिद्ध केलेली माहिती विनामूल्य किंवा माध्यमाच्या अथवा छपाईच्या खर्चाइतक्याच किमतीत उपलब्ध करावयाची आहे. दुसरीकडे कलम ७(९) म्हणते की, मागितलेल्या स्वरूपात माहिती देणे हा नियम असला, तरी त्यामुळे प्राधिकरणाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळविली जात असेल तर ते स्वरूप नाकारता येते. हे कलम माहिती नाकारण्यासाठी नसून केवळ स्वरूप बदलण्यासाठी आहे. व्यवहारात मात्र दोन्हींतील फरक पुष्कळदा पुसला जातो.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जाचे शुल्क १० रुपये, प्रतीचे प्रति पान २ रुपये आणि अपिलाचे २० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराकडून शुल्क घेतले जात नाही, आणि मुदतीत माहिती न दिल्यास ती कलम ७(६) नुसार सर्वांनाच विनामूल्य द्यावी लागते. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत फ्लॉपी किंवा डिस्केटसाठी ५० रुपयांचा दर आहे. ईमेलने पाठविलेल्या फाइलसाठी मात्र त्यांत वेगळा दर नाही, आणि फ्लॉपी चालविणारा संगणक आता कोणत्याही कार्यालयात सापडणे कठीण. नियम माध्यमाची किंमत मोजतात. माहिती शोधण्यात गेलेल्या वेळेचे मोल त्यांत धरलेले नाही, आणि हे हेतुपुरस्सर आहे, कारण वेळेचे शुल्क लावले असते तर ज्या कार्यालयाचे अभिलेख अधिक विस्कळीत त्याची माहिती अधिक महाग झाली असती.

सर्वोच्च न्यायालयानेही दोन्ही बाजूंची दखल घेतली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय (२०११) या निकालात, कर्मचाऱ्यांचा बहुतेक वेळ केवळ माहिती गोळा करून देण्यातच जाऊ नये, असे न्यायालयाने म्हटले. २०१८ मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या प्रकरणात अर्जाचे शुल्क ५० रुपयांपेक्षा आणि प्रतीचे शुल्क प्रति पान ५ रुपयांपेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण दंडक घालून दिला.

जुने अभिलेख आणि वनहक्क

महसूल कार्यालयांतील अभिलेख जतनाच्या मुदतीनुसार वर्गवार ठेवले जातात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांसाठी, आणि त्याखालील वर्ग त्याहून कमी काळासाठी. जुने अभिलेख स्कॅन करून संकेतस्थळावर देण्याच्या राज्याच्या उपक्रमाची सुरुवात अकोला, अमरावती, धुळे, नाशिक, ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांनी झाली.

स्कॅनिंगचा खर्च पानांच्या संख्येवर दिसतो तेवढाच नसतो. ठिसूळ पाने सोडवणे, सरळ करणे आणि क्रमाने लावणे यांत वेळ जातो. त्याहून अवघड काम सूचीचे आहे. गाव, वर्ष, अभिलेखाचा प्रकार आणि खसरा क्रमांक लिहिल्याखेरीज स्कॅन केलेले पान सापडत नाही, आणि हे लिहिणाऱ्याला जुने अक्षर व महसुली परिभाषा दोन्ही यावी लागतात.

गोंदियात या अभिलेखांना वनहक्क कायदा, २००६ मुळे प्रत्यक्ष महत्त्व आले. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, तर सामूहिक हक्कांच्या दाव्यांत निस्तारसारख्या जुन्या नोंदी पुरावा म्हणून उपयोगी पडतात. कायद्याखालील नियमांनुसार ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केल्यास संबंधित प्राधिकरणाने अभिलेखाची प्रमाणित प्रत द्यावयाची आहे. येथे प्रत मागणारी व्यक्ती नसून गाव आहे, आणि प्रत न मिळाल्यास दावा अपुऱ्या पुराव्यावर उभा राहतो. ज्या अभिलेखांना मागणी कमी म्हणून संगणकीकरणात शेवटचा क्रम मिळतो, त्यांतच या गावांचा पुरावा आहे.

इतरत्र

कर्नाटकातील ‘भूमी’ प्रकल्पाने सुमारे २०० लाख जमीन नोंदी संगणकावर आणल्या आणि प्रति उतारा १५ रुपये शुल्कातून केंद्रांचा चालू खर्च भागविण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेत १९९६ च्या दुरुस्तीने अभिलेख सहज काढता येत असेल तर मागितलेल्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक केले. तेथे व्यापारी हेतूच्या अर्जदाराकडून शोध, तपासणी आणि प्रत या तिन्हींचे शुल्क घेतले जाते, तर सर्वसाधारण अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास व पहिली १०० पाने विनामूल्य असतात. ब्रिटनमध्ये खर्चाची मर्यादा ओलांडणारा अर्ज नाकारता येतो. केंद्रीय खात्यांसाठी ही मर्यादा ६०० पौंड, इतर संस्थांसाठी ४५० पौंड असून कामाचा तास २५ पौंडांचा धरला जातो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने सार्वजनिक विदेच्या पुनर्वापरासाठी फार तर सीमान्त खर्च आकारावा, असे तत्त्व स्वीकारले.

प्रतीची गरजच कमी करणे हा आणखी एक मार्ग महाराष्ट्रात अवलंबिला जात आहे. कर्जाचा बोजा नोंदविण्यासाठी बँकांना भूमी अभिलेखांशी जोडले गेले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. एका शासकीय यंत्रणेने दुसरीकडून थेट माहिती घेतली तर शेतकऱ्याला उतारा विकत घ्यावा लागत नाही. पीक पाहणीत मात्र पूर्वी तलाठ्याने बांधावर जाऊन करावयाचे काम शेतकऱ्याच्या फोनवर आणि इंटरनेटच्या खर्चावर आले आहे, आणि जंगलालगतच्या ज्या शिवारात मोबाइलचे जाळे पोहोचत नाही तेथे नोंदीसाठी पुन्हा तलाठ्याकडेच जावे लागते.